जुना ट्रक बदलताना: तक्रारवहीपासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

अकरा वर्षं मी माझा ट्रक उतारावरच उभा करत आलो. सेल्फ कधी लागेल आणि कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता. कुठेही माल उतरवायला गेलो की नजर आधी उतार शोधायची. चाकाला लावायचा दगड केबिनमध्ये पायाशीच असायचा. सकाळी दगड काढायचा, गाडी घरंगळायला लागली की दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा, मग ते इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं.

गेल्या वर्षी ट्रक बदलला. आणलेला ट्रकही सात वर्षं वापरलेलाच आहे. पहिल्या रात्री तो मी सपाट जागेवर लावला. सकाळी किल्ली फिरवली आणि हात किल्लीवरून निघायच्या आत इंजिन लागलं. दोन मिनिटं नुसता बसून आवाज ऐकत राहिलो. ज्यानं थकलेली गाडी वर्षानुवर्षं रेटली आहे त्याला हा आनंद वेगळा सांगायला नको.

पण तिथं पोचेपर्यंत तीन महिने गोंधळात गेले आणि एक चुकीचा व्यवहार होता होता राहिला. थकलेला ट्रक सोडून त्याच्या जागी दुसरा, वापरलेला पण धड ट्रक तुम्ही पहिल्यांदाच आणत असाल, तर तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी जुन्या ट्रकची तक्रारवही लिहा

ट्रक बघायला बाहेर पडण्याआधी पंधरा दिवस एक वही जुन्या ट्रकमध्ये ठेवा. जे जे खुपतं ते त्याच दिवशी लिहा. चढावर ओढत नाही. ऑइल खातो. पावसात वायपर अडकतो. डावीकडचा आरसा थरथरतो, मागचं दिसत नाही. हौद्याचा फाळका एकट्याला उघडत नाही. मोठ्या दुरुस्त्या आपल्याला पाठ असतात, पण रोज जीव खाणाऱ्या बारीक गोष्टी अंगवळणी पडून दिसेनाशा होतात. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यातच तीस ओळी झाल्या आणि त्यातल्या निम्म्या मी आधी कुणाला सांगितल्याही नव्हत्या.

हीच वही पुढे खरेदीची यादी होते. विकणारा ट्रकचं कौतुक करत असताना आपल्याला नक्की काय तपासायचं आहे ते हातात लिहिलेलं असतं. वहीच्या दुसऱ्या बाजूला जुन्याचे गुणही लिहा. माझ्या जुन्या ट्रकचं वळण फार आखूड होतं, अरुंद गल्लीत तो एका दमात वळायचा. हे लिहिलं नसतं तर मी लांब चॅसिसचा (खालच्या लोखंडी सांगाड्याचा) ट्रक घेऊन बसलो असतो.

२. दुरुस्ती की बदल, हे एकदाच ठरवा

अर्धवट मनानं बदलायला निघालेला माणूस दोन्हीकडे पैसे घालतो. एका बाजूला नवा शोधायचा, दुसऱ्या बाजूला "तोवर चालायला हवा" म्हणून जुन्यावर खर्च करत राहायचं. माझं हेच झालं. बदलायचं ठरल्यानंतर मी जुन्याला नवी क्लच प्लेट घातली आणि विकताना त्या प्लेटचा छदामही कुणी धरला नाही.

माझं मत असं. चॅसिस सरळ आणि निरोगी असेल, सुटे भाग मिळत असतील आणि फक्त इंजिन थकलं असेल, तर इंजिन बांधून घ्या, ट्रक अजून चालेल. पण चॅसिसला भेगा पडल्या असतील, किंवा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) एकामागून एक बोलायला लागले असतील, तर थांबा. खर्चाच्या पावत्यांपेक्षा उभे राहिलेले दिवस मोजा. गॅरेजमधल्या दिवसांत गेलेलं काम कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

३. किती ओझं, कोणता रस्ता

हौदा किती मोठा यावरून ट्रक निवडू नका, वजनावरून निवडा. कागदावर जे एकूण वजन मंजूर असतं त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा केलं की ओझ्याचा आकडा मिळतो. पण रिकामं वजन धरताना काय काय धरलं आहे ते विचारा. डिझेल लिटरमागे सुमारे ०.८४ किलो भरतं, म्हणजे २०० लिटरची टाकी भरली की साधारण १७० किलो आलेच. शिवाय लोखंडी हौदा, स्टेपनी, ताडपत्री, दोर, बरोबरची माणसं.

मालाचाही हिशेब करा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, पण तितकीच कोरडी वाळू सुमारे १.६ टन. चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद हौद्यात अर्धा मीटर वाळू भरली तर ती जवळजवळ साडेसहा टन होते, आणि बघणाऱ्याला हौदा रिकामाच वाटतो. कमानपाटे (चाकांवरचे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) मोडतात ते अशाच "रिकाम्या" फेऱ्यांत.

अश्वशक्तीच्या आकड्यानं भुलू नका. १८९६ साली गॉटलिब डाइमलरनं पहिला मोटार ट्रक बनवला तेव्हा त्याचं इंजिन फक्त ४ अश्वशक्तीचं होतं, आणि दीड टन ओझं न्यायला ते पुरत होतं. वेग अर्थातच बेताचा होता, पण ओझं हलवतं ते गिअरच्या जोरावर, हे त्यातून कळतं. चढाचा रस्ता असेल तर मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण विचारा, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो ते. तेच इंजिन असलेले दोन ट्रक, एक सपाटीवर पळणारा आणि एक घाटात ओढणारा, असे वेगळे असू शकतात.

४. बघायला जाताना सोबत काय न्याल

- टॉर्च, शक्यतो डोक्याला बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात
- जुनी चादर किंवा गोणपाट, गाडीखाली आडवं व्हायला
- छोटा हातोडा आणि तारेचा ब्रश
- मल्टिमीटर
- लोहचुंबक, पातळ फडक्यात गुंडाळलेला
- मोजपट्टी
- पांढरा कागद आणि चिंध्या
- तुमची तक्रारवही

आणि तुमचा मिस्त्री. विकणाऱ्याच्या ओळखीतला नको, तुमचा. त्याचा दिवस मोडेल, त्याचे पैसे आनंदानं द्या.

५. थंड इंजिनापासून सुरुवात करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, म्हणून इथं जरा थांबतो.

मी ज्या पहिल्या ट्रकवर भाळलो होतो तो चकचकीत रंगवलेला होता. किल्ली फिरवताच लागला. मी व्यवहाराला तयारच झालो होतो. पण मिस्त्रीनं बॉनेटखाली हात नेला आणि तो म्हणाला, "दादा, हा सकाळपासून तापवून ठेवलाय." इंजिनाची धग लांबूनच लागत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही न सांगता पहाटे गेलो. तोच ट्रक सहा वेळा सेल्फ मारल्यावर लागला आणि मागे निळ्या धुराचा लोट सुटला.

म्हणून आधीच सांगून ठेवा, मी आल्याशिवाय इंजिन लावू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनाला हात लावून बघा. मग, थंड असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबानं अंगावर येतं. कूलंटवर तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चिकटा दिसला, तर पाणी आणि तेल कुठेतरी एकत्र येतंय. थंडीत लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही झाकणाला थोडा चिकटा येतो, म्हणून डिपस्टिकही बघा. तिच्यावरचं तेल पांढऱ्या कागदाला पुसा. डिझेल इंजिनाचं तेल काळं असणारच, पण बोटाला चमचमणारे कण लागले तर बेअरिंग झिजतंय.

बॅटरीही आत्ताच मोजा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या ट्रकला आकडे दुप्पट धरा. इंजिन लागल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाही.

किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागतात आणि इंजिन लागलं की विझतात. एखादा दिवा मुळातच लागला नाही तर संशय धरा. बिघाडाचा दिवा दिसू नये म्हणून बल्ब काढून टाकतात, हा जुना सापळा आहे.

आता इंजिन लावा आणि कुणाला तरी मागे धूर बघायला उभं करा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर बिघडलेत. निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन गेली तर चिंता नको, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय.

इंजिन मंद चालत असताना ऑइलचं झाकण सैल करून उलटं तिथंच ठेवा, गरम थेंब उडतात म्हणून तोंड लांब धरा. झाकण थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं, भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगांमधून दाब खाली उतरतोय आणि इंजिन बांधायला आलंय. माझा जुना ट्रक हे झाकण उडवायचा. नव्यावर ते तिथंच हलकेच डुलत राहिलं, तेव्हा मिस्त्रीनं माझ्याकडे बघून पहिल्यांदा मान हलवली. तो क्षण मी विसरणार नाही.

६. गाडीखाली आडवे व्हा

कपडे मळतील. मळू द्या. रंग वरून मारता येतो, खालून खरं दिसतं. त्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका.

चॅसिसच्या दोन्ही पट्ट्या पुढून मागेपर्यंत टॉर्चनं बघत जा. कमानपाट्यांचे हँगर (ते चॅसिसला टांगणारे कंस) जिथं बसतात तिथं आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडाशी भेगा पडतात. गंज दिसला तर ब्रशनं घासा, हातोड्यानं हलकेच ठोका. निरोगी लोखंड खणखणतं, खाल्लेलं लोखंड बद्द वाजतं. वेल्डिंग केलेलं, वरून जाड पट्टी मारलेलं, किंवा एवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला, तर तिथं काय झालं होतं ते सरळ विचारा. बॉडीवर चुंबक फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

अपघातात चॅसिस तिरकं झालं असेल तर मोजपट्टी सांगते. पुढच्या डाव्या हँगरच्या बोल्टपासून मागच्या उजव्या हँगरच्या बोल्टपर्यंत, मग उलट दिशेनं. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत.

टायरच्या कडेवर चार आकड्यांची तारीख असते. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी टायर जुना असेल तर बाजूच्या बारीक चिरा बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पुढचा टायर एकाच कडेला झिजलाय का तेही बघा, त्यातून किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि चाकांची अलाइनमेंट कळते.

७. ओझं घालून चालवून बघा

रिकामा ट्रक सगळ्यांचाच पळतो. निम्मं तरी ओझं घालून चालवायचा आग्रह धरा, आणि रस्त्यात एक चढ असू द्या.

निघण्याआधी स्टिअरिंग हलवा. पुढची चाकं हलायच्या आत स्टिअरिंगचं २० इंची चाक कडेला दोन इंचांहून जास्त फिरत असेल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जास्त आहे.

हवेच्या ब्रेकचा ट्रक असेल तर सपाट जागी, चाकांना दगड लावून, पूर्ण हवा भरा, इंजिन बंद करा आणि पेडल एक मिनिट दाबून धरा. सुरुवातीची घट सोडून त्या मिनिटात सुई ०.२ बारहून जास्त उतरली तर कुठेतरी गळती आहे, कान देऊन फुसफुस शोधा. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवा. सुई ४ बारपर्यंत यायच्या आत इशारा वाजलाच पाहिजे. शेवटी हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडा. थोडं पाणी येणं नेहमीचं, पण काळं तेलकट पाणी आलं तर कंप्रेसर थकलाय.

रस्त्यावर प्रत्येक गिअर वर-खाली करून बघा. चढावर मोठ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय. गाडी सोडली-धरली की खालून ठक्क असा आवाज येतो का ऐका, तो मागे जोर नेणाऱ्या दांड्याच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, असतो.

किलोमीटरचा आकडा एकटा वाचू नका. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर असेल तर भागाकार करा. ९,००० तासांत १,८०,००० किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी २० किलोमीटर, म्हणजे हे इंजिन खूप वेळ उभ्या उभ्याच चाललंय. पेडलची रबरं गुळगुळीत आणि मीटरवर आकडा कोवळा, असं दिसलं तर विश्वास पेडलवर ठेवा.

८. कागद

इथं घाई केलेले लोक मी रडताना पाहिलेत. पैसे देण्याआधी हे सगळं मूळ प्रतीत बघा:

- नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड आणि विकणाऱ्याचा ओळखीचा पुरावा, दोन्हीवर एकच नाव
- कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला, आणि नोंदणीवरून बोजा उतरल्याची नोंद
- चालू विमा, कर भरल्याच्या पावत्या, तंदुरुस्ती आणि धुराच्या तपासणीचे दाखले
- थकलेले दंड नाहीत याची खात्री
- दुरुस्तीच्या पावत्या, जितक्या असतील तितक्या

चॅसिस नंबर स्वतः चॅसिसवरून वाचा, कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा. अलीकडच्या गाड्यांवर तो १७ खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन रोमन अक्षरं नसतात, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. नंबराभोवतीचं लोखंड घासलेलं दिसलं तर तिथूनच परत फिरा. आणि विमा तुमच्या नावावर सुरू झाल्याशिवाय ट्रक रस्त्यावर काढू नका, अगदी घरापर्यंतसुद्धा.

९. जुन्याला नीट निरोप द्या

शक्य असेल तर पंधरा दिवस दोन्ही ट्रक ठेवा. नव्याची काही खोड निघाली तर काम अडत नाही.

विकताना तक्रारवही घेणाऱ्याला दाखवा. मी दाखवली. त्यानं थोडे पैसे कमी केले, पण नंतर एकदाही भांडायला आला नाही. नावावर करून देण्याचे कागद त्याच दिवशी सही करून जमा करा. ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाव बदललं नाही तर त्यानं केलेल्या अपघाताचे आणि दंडाचे कागद तुमच्या दारात येतील.

भंगारात जाणार असेल तर परवानगी असलेल्या ठिकाणीच द्या आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. बॅटरीत शिसं आणि तेजाब असतं, ती वेगळी द्या. ऑइल जमिनीवर सोडू नका.

केबिन रिकामी करताना वेळ काढा. सीटमागे, आरशाच्या खाचेत, फळीखाली वर्षांचं सामान निघतं. मला माझ्या मुलीनं चौथीत काढलेलं त्याच ट्रकचं चित्र सापडलं, डिझेलचे डाग पडलेलं. ते आता नव्या ट्रकच्या फळीवर आहे.

१०. पहिले हजार किलोमीटर

आल्या आल्या सगळी तेलं आणि फिल्टर बदला, आधीचा मालक काहीही म्हणो. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, कूलंट. त्या दिवसापासून हिशेब तुमचा. चाकं काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा, ते बसताना सैल पडतात.

जुन्याच्या मानानं ट्रक बराच अलीकडचा असेल तर काही सवयी बदलाव्या लागतील. हवेच्या ब्रेकला हवा भरेपर्यंत थांबा. हवा नसली की स्प्रिंग चाकं धरून ठेवते, ओढाताण करू नका. टर्बो असेल तर लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं मंद चालू द्या. धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागत असेल तर त्याची टाकी वेगळी, झाकण बहुधा निळं. त्यात डिझेल पडलं तर इंजिन लावूच नका, मिस्त्रीला बोलवा. ते द्रावण ३२.५ टक्के युरियाचं असतं आणि उणे ११ अंशांना गोठतं. ते संपत आलं की ट्रक स्वतःच जोर कमी करतो. पहिल्यांदा माझ्या जिवाचं पाणी झालं होतं, इंजिनच गेलं असं वाटलं.

आणि हो, नवी वही पहिल्या दिवसापासून. माझ्या वहीत पहिल्या महिन्याच्या नोंदी अशा आहेत: डावा इंडिकेटर बदलला. फाळक्याची बिजागरी ग्रीस केली. चढ चौथ्यात पार, आधी दुसरा टाकावा लागायचा. गाडीखाली जमीन कोरडी.

ही शेवटची ओळ मी सलग नऊ दिवस लिहिली आहे. रोज सकाळी सवयीनं वाकून तेलाचा थेंब शोधायचो आणि जमीन कोरडी असायची. दहाव्या दिवशी न वाकताच वर चढलो. चाकाचा दगड अजून केबिनमध्ये आहे. आता तो पायाशी नसतो, सीटमागे फडक्यात गुंडाळून ठेवलाय, टायर बदलताना लागतो म्हणून.